श्रावणातला नवा कंद

माझं लहानपण लिहिण्यासारखं नाही. चौथीपर्यंत शाळा, मग पाठची भावंडं सांभाळणं, आणि सोळाव्या वर्षी लग्न. मोठं व्हायला मध्ये वेळच मिळाला नाही. मी मोठी झाले ती अमेरिकेत, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला मुलाच्या घरी, साठी उलटल्यावर. हे वाक्य वाचून सून हसली, पण मी ते खोडणार नाही. तोवर माझ्या मैत्रिणी म्हणजे जावा नाहीतर शेजारणी, नशिबाने पदरात पडलेल्या. माझ्या चुका मोजायला सासूबाई होत्या, त्यामुळे मला त्या कधी स्वतः मोजाव्या लागल्या नाहीत.

मिलिंद तिथे तेलाच्या कंपनीत इंजिनियर होता. तो आणि अदिती सकाळी साडेसातला गराज उघडून निघून जायचे, नात सई पिवळ्या बसमध्ये चढायची, आणि मग साडेतीनपर्यंत घरात एसीची घरघर, मध्येच फ्रिजची खरखर. दार उघडलं की ओल्या टॉवेलसारखी गरम हवा तोंडावर यायची. रस्त्यावर चालणारं माणूस नाही. एकदा मी पाय मोकळे करायला निघाले, तर एका बाईनं गाडी थांबवून विचारलं, तुम्ही हरवलात का? अलिबागला बहिणीला फोन करायचा तर कार्ड खरवडून वीस आकडे दाबायचे, आणि ती पलीकडून म्हणायची, "मजा आहे बाई तुझी." मी हो म्हणायची. वाद घालायला मिनिटं कमी पडायची.

आणि एके दिवशी धप्, धप्, धप् असा आवाज आला. कुंपणाच्या फळ्यांपलीकडून. उखळात मुसळ पडत होतं. चाळीस वर्षं मी तो आवाज काढला होता, मला कोणी सांगायला नको. मी फळीच्या फटीला डोळा लावला. शेजारच्या गराजच्या सावलीत माझ्याच वयाची, उंच, हाडापेराने दणकट अशी एक आफ्रिकन बाई मुसळ चालवत होती, आणि तिचा डोळा नेमका माझ्या डोळ्यावर. मुसळ न थांबवता ती म्हणाली, "चोरासारखी बघतेस ती इकडे ये आणि हात लाव." माझं इंग्रजी तेव्हा चार शब्दांचं. हात एवढाच शब्द कळला, तो पुरला.

ती उकडलेला पांढरा कंद कुटत होती. आपल्या कोनफळाचा सख्खा भाऊ, पण आतून दुधासारखा पांढरा आणि मांडीएवढा जाड. ते त्याला याम म्हणतात. कुटून कुटून त्याचा मऊ गोळा झाला, की तो पानांच्या आणि भोपळ्याच्या बियांसारख्या बियांच्या तिखट रश्शात बुडवून, न चावता गिळायचा. रश्शात सुकट होती. शपथेवर सांगते, आमच्याकडची सुकटच. मी दोनदा वाढून घेतलं. अदिती संध्याकाळी म्हणाली, "आई, तुम्ही कुणाच्याही घरी जाऊन जेवता?" मी म्हटलं, "तू मला पाठवतेस त्या लायब्ररीतल्या म्हाताऱ्यांच्या ग्रुपमध्ये कोरडी बिस्किटं देतात."

त्या लोकांत बाईला पहिल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, तशी तिला सगळी 'ममा एमेका' म्हणायची, म्हणजे एमेकाची आई. माझी झाली ममा मिलिन. ती नायजेरियातली, इग्बो लोकांपैकी. एमेका इस्पितळात नर्स होता, त्याची बायकोही. दोघांच्या पाळ्या, म्हणजे तीही दिवसभर एकटीच. आम्ही कशा बोलायचो असं लोक विचारतात. पहिले सहा महिने हातांनी, मग मोडक्या इंग्रजीत, आणि भांडायची वेळ आली की ती तिच्या भाषेत, मी माझ्या. भांडणं जास्त चांगली कळायची. इथे मी सगळं मराठीत लिहिते आहे, तिचा आवाज मात्र तुम्हीच जाड करून ऐका.

तिच्याकडचा आठवडा चार दिवसांचा. चार दिवसांना चार बाजारांची नावं. शुगर लँडमध्येही ती बोटांवर तेच मोजायची, मी सोमवार-चतुर्थी मोजायची, आणि दोघींच्या हिशेबात रविवार कुठेच नव्हता. पाहुणा आला की कोला नावाचं कडू फळ बशीतून पुढे करायचे, आणि त्यावरची प्रार्थना इग्बोतच म्हणायची. कोलाला इंग्रजी समजत नाही, असं ती म्हणायची. मला ते पटलं. माझ्या देवालाही समजत नसावं.

एकदा शेंगा सोलताना तिने याम कुठून आला ते सांगितलं. सुरुवातीला सगळी जमीन चिखल होती. आभाळातून एरी नावाचा माणूस उतरला, पण पाय टेकायला कोरडं नाही. मग देवाने एक लोहार पाठवला, त्याने भाता मारून मारून जमीन सुकवली. एरी होता तोवर जेवण आभाळातून यायचं. तो मेला आणि ते बंद झालं, पोरं भुकेने रडायला लागली. त्याच्या मुलाने देवाला विचारलं, आता काय खायचं? देव म्हणाला, तुझा थोरला मुलगा आणि थोरली मुलगी मार आणि पूर. त्याने काळीज दगडाचं करून तसं केलं. मुलाच्या खड्ड्यातून यामचा वेल आला, मुलीच्या खड्ड्यातून अळूचा कंद. तेव्हापासून याम हे पुरुषाचं पीक आणि अळू बाईचं. मी म्हटलं, "मेल्यावरसुद्धा मुलाला मांडव आणि मुलीला चिखल." ती इतकी हसली की शेंगांचं भांडं कलंडलं. मग गंभीर होऊन म्हणाली, "पण यामला आम्ही भाजी समजत नाही. ते घरातलं पोर आहे." मी मान हलवली. गोष्ट चांगली होती. मी ती गोष्ट म्हणूनच ऐकली, तिथेच माझं चुकलं.

तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला होता. गावी मोठं घर, त्यात एक राखणदार आणि बंद खोल्या. चारही मुलं परदेशात. एमेका तिला घेऊन आला, पण ती परत जायला एका पायावर उभी होती. तिने मला स्पष्ट सांगितलं होतं, "मी या मातीला एक पीक देते. यातला पहिला कंद एमेका हातात धरेल, बापाला दाखवेल, बापाच्या बापाला दाखवेल, मग खाईल. ते नीट पार पडलं तर ही माती आम्हाला ओळखते असं समजेन आणि राहीन. नाही तर गावी जाईन." गावी कुणाकडे, हे मी विचारलं नाही. दोघींनाही उत्तर माहीत होतं. दुकानातला याम तिला या विधीला चालत नव्हता. "तो कुणी कुणी आधी चाखलाय कुणास ठाऊक," म्हणायची.

फेब्रुवारीत आम्ही दोघींनी तिच्या मागच्या अंगणातलं गवत उकरलं. एमेका कपाळाला हात लावून बघत राहिला. खाली काळी चिकट माती, पावसात लोण्यासारखी, उन्हात विटेसारखी. पोत्यातली रेती मिसळून आम्ही कमरेपर्यंत उंच असे मातीचे नऊ ढीग केले आणि दुकानातल्या कंदांचे तुकडे राख लावून त्यात पुरले. "माझा नवरा हे बघता तर मला हाकलून देता," ती म्हणाली. "बायकांनी याम लावायचा नसतो." मी विचारलं, "मग थांबायचं का?" ती म्हणाली, "हाकलायला तो आहे कुठे? खण." काम संपल्यावर तिने कुंपणाकडचे दोन ढीग दाखवून सांगितलं, "हे तुझे." मला आयुष्यात माझी म्हणून जमीन कधी मिळाली नव्हती. वडिलांची भावांकडे गेली, नवऱ्याची दिरांकडे. दोन ढीग मिळाले ते शुगर लँडला. मी रोज सकाळी चहाच्या आधी त्यांना पाणी घालायची.

ऑगस्टपर्यंत वेल बांबूंवर चढून कुंपणाच्या वर गेले. खालची पानं पिवळी पडायला लागली. शनिवारी नव्या यामचा सण ठरला, तीस माणसं बोलावली होती. त्याच्या आधीचा सोमवार श्रावणातला. साबुदाणा संपला होता. भारतीय दुकानं तिकडे हिलक्रॉफ्टला, अर्ध्या तासाचा हायवे, आणि मला गाडी येत नाही. बटाटे दोन होते, दोन्हींना कोंब. मी खिडकीतून कुंपणावर आलेल्या माझ्या वेलांकडे बघितलं. कंद उपासाला चालतो. ढीग माझा. मी कुदळ घेऊन गेले. आई शिकवायची तसं वेल न उपटता बाजूची माती उकरली, खालचा कंद कापून घेतला, वरचं डोकं वेलाला तसंच ठेवून माती परत ओढली. घरी येऊन तुपात जिरं-मिरची टाकून परतला, दाण्याचं कूट घातलं. चव? उत्तम होती. खोटं कशाला लिहू.

संध्याकाळी एमेकाची आई कुंपणापाशी आली. खुशीत होती. म्हणाली, "गावात आता सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं असेल. पण शनिवारपर्यंत कुणाच्या जिभेला नवा याम लागणार नाही. पितरांच्या आधी जो खातो तो जमिनीला विटाळतो. इथेही तसंच, कुणाचंच तोंड लागलेलं नाही." माझ्या पोटात तो याम बसलेला होता. मी म्हटलं, "हो का," आणि घरात आले.

मिलिंदला सांगितलं तर तो म्हणाला, "आई, इट्स लाइक अ पोटॅटो यार. सॉरी म्हण आणि सोड." अदितीने मात्र नीट ऐकून घेतलं. ती म्हणाली, "वेल तसाच उभा आहे ना? मग त्यांना कळणारच नाही. आई, तुम्ही सांगितलंत तर त्यांचं सगळं फंक्शन कॅन्सल होईल आणि त्या जातील. नका सांगू. प्लीज." ती माझ्याच भल्याचं बोलत होती, आणि तिचं म्हणणं चूक नव्हतं. गप्प राहिले तर मैत्रीण राहते, बोलले तर जाते. पण मग पुढची दहा वर्षं तिच्या शेजारी बसून शेंगा सोलायच्या आणि तिने 'ही माती आपल्याला ओळखते' म्हटलं की मान हलवायची, हे मला जमणारं नव्हतं. यात थोरपणा काही नाही. मला खोटं पचत नाही, लगेच चेहऱ्यावर येतं.

सकाळी जाऊन सांगितलं. तिला वाटलं, माझ्या इंग्रजीत काही चुकतंय. तिने ढिगाकडे बोट केलं, मग माझ्या तोंडाकडे. मी हो म्हटलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने हातातली पाण्याची नळी खाली ठेवली, नळ बंद केला, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. त्या दिवशी उखळ वाजलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बुधवारी संध्याकाळी एमेका कामावरचे निळे कपडे न बदलताच आला. म्हणाला, "ममा, ती जेवत नाहीये. मला तिकीट काढायला सांगितलंय. म्हणते, पितरांना दाखवायच्या आधीच पीक उष्टं झालं." त्याच्या आवाजात राग नव्हता, राग असायला झोप झालेली लागते. मी विचारलं, "तुमच्याकडे याचा निवाडा करणारं कोणी मोठं माणूस नाही का?" त्याने माझ्याकडे जरा बघितलं. म्हणाला, "आहे."

तो म्हातारा ह्यूस्टनच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. त्यांच्याच गावचा, तिकडे शाळेत हेडमास्तर होता. त्याला सगळे 'न्ना' म्हणायचे, म्हणजे बाप. गुरुवारी दुपारी एमेकाच्या हॉलमध्ये तो लाल टोपी घालून बसला. मिलिंद अर्धा दिवस सुट्टी घेऊन माझा दुभाषा झाला. एमेकाची आई समोर, पण तिची मान खिडकीकडे. आधी कोला आला, न्नाने त्यावर लांबलचक इग्बो म्हटलं, फोडला, मलाही तुकडा दिला. सुपारीहून सात पट कडू. मग त्याने मला विचारलं, "ढीग कुणाचा?"

"माझा. हिने दिला."

"तू दिलास?" त्याने तिला विचारलं.

"दिला."

"नियम सांगितला होतास?"

ती खिडकीकडेच बघत म्हणाली, "गोष्ट सांगितली होती. गोष्ट सांगितल्यावर नियम वेगळा काय सांगायचा?"

"म्हणजे नाही सांगितलास."

"नाही," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा मान खाली घातली. तेव्हा मला कळलं, दोन दिवस ती माझ्या एकटीवर रागावलेली नव्हती.

न्ना माझ्याकडे वळला. "घरात खायला नव्हतं?"

"होतं की. भात होता, पोळ्या होत्या."

"मग ते का नाही खाल्लंस?"

"सोमवार होता. आमच्या श्रावण महिन्यातला. त्या दिवशी आम्ही धान्य खात नाही. कंद चालतो."

"घरात कोण होतं?"

"कोणी नाही."

"तू भात खाल्ला असतास तर कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही."

"मग?"

"मग काय? सोमवार होता."

मिलिंदने हे इंग्रजीत सांगताना खांदे उडवले. न्नाचं पोट आधी हललं, मग खांदे, आणि मग तो मोठ्याने हसायला लागला. डोळे पुसून तो एमेकाच्या आईला तिच्या भाषेत काही म्हणाला. एमेकाने आम्हाला सांगितलं: हिने आपला नेम अशा ठिकाणी पाळला, जिथे बघायला कोणी नव्हतं. असं माणूस जमिनीला विटाळत नाही. तिला फक्त आपला रस्ता माहीत नव्हता. तो सांगायचं काम तुझं होतं.

मग त्याला ढीग बघायचा होता. भर दुपारी, त्या टोपीनिशी, तो गुडघ्यावर बसला आणि हाताने माती उकरली. खाली डोकं शाबूत, बाजूने पांढरी मुळं. "हे असं कापायला कुणी शिकवलं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "आईने. बियाणं कोण उपटून टाकेल?" त्याने माती परत ओढली आणि उठायला माझा हात मागितला.

दंड मात्र लागला, दोघींनाही. एकेक जिवंत कोंबडी, शनिवार उजाडायच्या आत, आपापल्या हाताने आणून द्यायची, म्हणजे जमीन धुतली जाईल. मी म्हटलं, "देईन. पण कापणार नाही आणि खाणार नाही. श्रावण आहे." म्हातारा एमेकाच्या आईला म्हणाला, "बघ, हिचा महिना कोंबडीला तीस दिवस सांभाळतो, आणि आपल्या यामला हिच्यापासून पाच दिवस सांभाळता आलं नाही." ती हसली नाही, पण ओठ दाबले. तेवढ्यावर मी रात्री जेवले.

मिलिंद म्हणत होता, "आई, शुगर लँडमध्ये लाइव्ह चिकन? सोसायटीवाल्यांना कळलं तर नोटीस येईल." एमेकाला रोझेनबर्गकडचा एक कोंबड्यावाला माहीत होता. शुक्रवारी आम्ही दोन म्हाताऱ्या मागच्या सीटवर, मध्ये खोक्यात दोन कोंबड्या, पुढे माझा इंजिनियर मुलगा हायवेवर नाक धरून ड्राइव्ह करतोय. जाताना ती एक शब्द बोलली नाही. येताना तिची कोंबडी खोक्यातून मान काढून माझ्या पदराला टोचायला लागली. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माझीला अक्कल आहे. कोण चोर ते ओळखते." मी म्हटलं, "तुझीला अक्कल असती तर खोक्यात असती का?" मिलिंदने आरशातून आमच्याकडे बघितलं, कारण आम्ही दोघी हसत होतो आणि कोंबड्या ओरडत होत्या.

शनिवारी अंगणात माणसं मावेनात. बायकांच्या डोक्यावरची रंगीत फडकी, पुरुषांच्या टोप्या, एक ढोल, आणि कोळशावर भाजणाऱ्या यामचा वास. एमेकाने मधल्या ढिगातला कंद काढला. दोन्ही हातांत वर धरला. त्याला सगळे शब्द येत नव्हते, न्ना हळूच पुढचा शब्द सांगायचा आणि तो म्हणायचा. बापाचं नाव आलं तेव्हा त्याला कुणी सांगावं लागलं नाही. एमेकाच्या आईचे हात पोटाशी घट्ट धरलेले होते. मी मनात म्हटलं, बाबा रे, चुकू नकोस. तो चुकला नाही. भाजलेला तुकडा लाल पाम तेलात बुडवून त्याने खाल्ला, सगळ्यांनी एकदम आवाज केला, मग वयाप्रमाणे तुकडे वाटले गेले. मी हात पुढे केला तर तिने माझा हात बाजूला सारला. "तू सगळ्यात शेवटी. तू आधी जेवली आहेस." तीस माणसं हसली. मी सगळ्यात शेवटी खाल्लं, आणि ते बरोबरच होतं.

आता मी ऐंशी पार केली. तेव्हाची किती तरी माणसं नावानिशी विसरले, पण त्या संध्याकाळी भांडी घासताना एमेकाने आईला विचारलेलं विसरले नाही. तिकिटाची एजन्सी त्याला फोन करत होती. त्याने नळ बंद करून, तिच्याकडे न बघता विचारलं, "मग त्यांना काय सांगू? कधीचं काढू?"

ती परात पुसत होती. म्हणाली, "फेब्रुवारीत बघू."

एमेका हसला, पण त्याचे डोळे भरले. त्याला वाटलं मला समजलं नाही. मला बरोबर समजलं होतं. फेब्रुवारीत लावणी असते, आणि लावणी टाकून कोणी गावाला जात नाही.